भिंतीतली निळी पिसं

मित्रांनो, साखऱ्याच्या रानात कधी आलात तर ओढ्याकाठच्या मोहाच्या वाळक्या झाडाकडे बघा. अगदी शेंड्यावर, मान खांद्यात घालून, एक तपकिरी पक्षी बसलेला दिसेल. तुम्ही म्हणाल, हा कसला पक्षी, ह्याच्यापेक्षा आमची चिमणी बरी. तोच मी. मी चास. पुष्कळ पावसाळे पाहिलेला, आता जरा जपून उडणारा म्हातारा चास. पण नाव ठेवायची घाई करू नका. मी फांदी सोडली की मग बोला. माझ्या पंखांत दोन निळे रंग आहेत, एक फिका आणि एक गडद, आणि पंख उघडले की दोन्ही एकदम दिसतात. बसलेला मी आणि उडणारा मी एकच, हे पुष्कळांना खरं वाटत नाही.

कुणी मला नीळकंठही म्हणतं. हे नाव ठेवणाऱ्यानं मला पाठमोरं पाहिलं असावं. माझा कंठ निळा नाहीच मुळी. तो विटकरी, जांभळट, त्यावर पांढरट रेघा. पण नाव पडलं ते पडलं. त्या नावापायी दसऱ्याला लोक मला शोधत शिवारात येतात, दिसलो की हात जोडतात आणि समाधानानं घरी जातात. माझं काही बिघडत नाही. तेवढा वेळ मी नाकतोडे बघत असतो.

माझा जन्म ह्याच मोहाच्या ढोलीत झाला. ढोली खोदायच्या भानगडीत आम्ही पडत नाही. कुजून झालेली, नाहीतर सुतारपक्ष्यानं सोडलेली ढोली बघायची आणि आत शिरायचं. आत अंथरूण-पांघरूण करायचीही आम्हाला फारशी हौस नाही. आम्ही भावंडं उघडीवाघडी, आंधळी, एकमेकांच्या अंगावर पडलेलो असायचो. वास म्हणाल तर विचारूच नका! आई आणि बाप दोघंही आळीपाळीनं किडे आणायचे. हे काम बाईचं आणि ते बाप्याचं, असं आमच्यात नसतं.

पुढं शिकार शिकलो. वरून टेहळायचं, खाली झेपायचं, उचलायचं, फांदीवर आपटायचं आणि गिळायचं. विंचू असला तर जास्त आपटायचा. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की सगळं रान पळत सुटतं; आम्ही मात्र धुराकडे जातो, कारण आगीपुढून पळणारे टोळ आणि भुंगे आयते मिळतात. शेतात नांगर चालला तर आम्ही मागं हजर. एका चासाच्या पोटात दिवसभरात किती किडे जातात ते शेतकऱ्यानं एकदा बघावं, म्हणजे त्याला आमची किंमत कळेल.

आवाजाच्या बाबतीत मात्र देवानं हात आखडता घेतला. मी बोलतो तेव्हा कुणीतरी गंजलेली कडी ओढतंय असं वाटतं. म्हणून मादीला गाणं म्हणून दाखवायची सोय नाही. आम्ही कोलांट्या मारतो. उंच जायचं, अंग सोडून द्यायचं आणि उलटंपालटं होत, ओरडत खाली यायचं. पहिल्यांदा मी असा खाली आलो तेव्हा पळसावर बसलेल्या एका मादीनं सरळ दुसरीकडे तोंड फिरवलं. दोन-चार खेपा झाल्यावर तिनं बघितलं. तीच माझी जोडीदारीण. तिच्या डाव्या पायाचं एक बोट अर्धं तुटलेलं आहे. कशानं तुटलं ते मला ठाऊक नाही.

ओढ्याच्या वरच्या अंगाला एक तांडा आहे. तिथल्या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. आता तिथं सगळे शेती करतात. मोठी लढाई संपली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. अजून निजामाचं राज्य होतं. तांड्यातल्या खेमाची बायको बाळंतपणात गेली आणि मागं पारू नावाची तान्ही मुलगी राहिली. खेमाची थोरली बहीण जिवनबाई विधवा होती, तिला मूलबाळ नव्हतं. ती भावाच्या घरी आली आणि तिनं पारूला छातीशी धरलं. छातीत दूध कुठून येणार? पण दारात चांदरी नावाची गाय नुकतीच व्याली होती, म्हणून सगळे निर्धास्त होते. मग चांदरीचं वासरू मेलं, आणि चांदरीनं पान्हा चोरला. कास ताठलेली, पण हात लावला की लाथ.

जिवनबाई तांडाभर शेळीच्या दुधासाठी फिरली. त्या कडक उन्हाळ्यात शेळ्याही आटल्या होत्या. मग ती ज्वारीच्या कण्यांच्या पाण्यात फडकं बुडवून पारूला चोखवायची. पारू आधी मोठ्यानं रडायची, पुढं पुढं बारीक रडायला लागली. माझ्या शेंड्यावरून मला ते ऐकू यायचं. पोटात काही नसलं की पिलाचा आवाज असाच उतरतो, हे मला आमच्या ढोलीवरून ठाऊक होतं.

साखऱ्याची मनकर्णा शेतकऱ्याघरची, जिवनबाईची मैत्रीण. तिनं एके दिवशी उपाय सांगितला.

"जिवनबाई, अशी हात बांधून काहून बसलीस? चासाची पिसं कातरून चाऱ्यात घाल. गाय पान्हा सोडती बघ. माझ्या सासूनं केलतं."

"आन् न्हाई सोडला तर?"

"सोडतीच! पण एक ध्यानात ठेव. उपायाला कधी नाव ठेवायचं न्हाई. खोटा म्हणलं की उलटतो. आलेलं दूधबी जातं मग."

जिवनबाईनं मान हलवली आणि खेमाला कामाला लावलं. त्यानं बैलाच्या शेपटीच्या केसांचे फास केले, मोहासमोरच्या उघड्या जागी मांडले आणि मधोमध दोऱ्यानं एक लठ्ठ नाकतोडा बांधला. ढोलीत आमची पिल्लं होती, नुकती डोळे उघडलेली, आणि त्यांना सारखं काहीतरी लागायचं. असा नाकतोडा कोण सोडील? मी झेपावलो आणि पायांना फास बसला.

जिवनबाईनं मला मांडीत दाबून धरलं. तांड्यातल्या बायका कपड्यांवर आरसे जडवतात, त्या कामाची कातर तिच्याजवळ होती. मी तिच्या अंगठ्याला चोच मारून रक्त काढलं. तिनं हात मागं घेतला नाही. "देवा, रागवू नको रे," ती म्हणत होती. "पोरीसाठी घेऊन राहिले. तुला परत येतील." दोन्ही पंखांची लांब निळी पिसं तिनं मुळाजवळ कापली. मग अंगणात येऊन तिनं मला दोन्ही हातांनी वर उडवलं. "जा आता!"

मी दगडासारखा खाली आलो.

"अगं याडी!" ती ओरडली. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. "हे तर पडलं की गं!"

मित्रांनो, तिचा हिशोब केसांचा होता. केस कापले की वाढतात, तशी पिसंही वाढतील असं तिला वाटलं. पिसाचं तसं नसतं. कापलेला खुंट तसाच राहतो. तो आपोआप गळतो तेव्हाच त्या जागी नवं पीस येतं. तिनं मला उचललं, गोठ्यात आणलं आणि टोपल्याखाली ठेवलं. टोपल्याच्या फटीतून पुढचं सगळं मी पाहिलं.

तिनं माझी पिसं बारीक कातरली, भिजवलेल्या कडब्यात मीठ आणि पिसं कालवली आणि गव्हाणीत टाकली. चांदरीनं वास घेतला आणि अशी फुरफुरली की सगळी निळाई उडून तिच्या पायांतल्या शेणात पडली. जिवनबाईनं पुन्हा मूठभर गोळा केली, पुन्हा कालवली. चांदरी पुन्हा फुरफुरली आणि मान फिरवून उभी राहिली. एक तुकडा पोटात गेला नाही. मग जिवनबाई होती तिथंच खाली बसली, पारूला मांडीवर घेतलं आणि मिठाच्या हातांनी तिच्या घामेजल्या डोक्यावरून हात फिरवत रडायला लागली. "मेली गं माझी पोर. मी काय करू गं आता?" एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

चांदरीनं वळून बघितलं. खाली मान घातली आणि पारूची टाळू चाटली. जिवनबाई दचकली, पोरीला ओढून घेणार होती. पण गाय सोडेना. चाटतच राहिली, वासराला चाटते तशी. जिवनबाईची नजर कासेकडे गेली. सडातून दूध ठिबकत होतं. तिनं तिथंच ओंजळ धरली.

संध्याकाळी खेमा रानातून आला. चरवीत दूध बघून तो नाचायचाच बाकी राहिला. "पिसांनी काम केलं, बाई! मनकर्णाबाईचा उपाय बराबर निघाला!" जिवनबाईनं खरं सांगायला तोंड उघडलं. मग तिनं पारूकडे बघितलं. पारू पोट भरून झोपली होती, ओठांवर दूध वाळलेलं. उपायाला नाव ठेवलं की आलेलं दूध जातं, असं मनकर्णा म्हणाली होती. जिवनबाईनं तोंड मिटलं.

पावसाच्या आधी तिनं गोठ्याची कुडाची भिंत लिंपली. शेण चांदरीच्या पायांतलंच होतं, त्यामुळे माझी पिसं भिंतीत गेली. ऊन तिरपं आलं की भिंतीत निळे कण चमकायचे. खेमानं एकदा विचारलं, "बाई, हे भिंतीत काय चमकून राहिलं?"

"आरशाच्या काचा असतील," ती म्हणाली आणि रोज सकाळी पारूचं डोकं चांदरीपुढं धरत राहिली. दूध येत राहिलं.

तो पावसाळा मी गोठ्यात काढला. गव्हाणीच्या काठावर बसायचो, खाली उडी मारून शेणातले भुंगे खायचो. जिवनबाई बांधावरून नाकतोडे धरून आणायची आणि अंधार पडला की मुंगसाच्या भीतीनं मला टोपल्याखाली झाकायची. तिनंच पाडलं आणि तिनंच पोसलं; ह्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. मोहाकडून जोडीदारणीचा आवाज यायचा. तिनं एकटीनं ढोली सांभाळली. सगळी पिल्लं जगली नाहीत, पण दोन उडालेली मी गोठ्याच्या दारातून पाहिली.

चांदरीच्या दुधाची बातमी मात्र वाऱ्यावर गेली. साखऱ्याहून माणसं आली, पार आखाडा बाळापुराकडून आली. कुणाची म्हैस लाथ मारते, कुणाची गाय आटली आहे. खेमाला चास धरायची कला आली होती, आणि लोक रिकाम्या हातानं येत नव्हते. ज्वारी, गूळ घेऊन यायचे. तो फास मांडायचा, पिसं कापून द्यायचा आणि पक्षी कुंपणापलीकडे टाकायचा. टोपलं मला एकट्याला मिळालं होतं. बाकीच्यांना कुत्र्यांनी खाल्लं. एखाद्याची गाय मुळातच पान्हावणार असायची, ती पान्हावली की तो चार गावांत सांगायचा. ज्याची पान्हावली नाही, तो गप्प बसायचा, आपल्याच हातून काही चुकलं असेल म्हणून. ओढ्याकाठी पूर्वी सकाळी आमचा केवढा कलकलाट असायचा! त्या पावसाळ्यात तो विरळ विरळ होत गेला. जिवनबाईलाही ते कळत होतं. कुंपणाशी पडलेलं काही दिसलं की ती पदर तोंडावर घ्यायची आणि लगबगीनं आत यायची.

दसऱ्याच्या सकाळी मनकर्णा तांड्यावर आली. तिची म्हैस आटली होती. खेमा ओढ्याकडून आला तेव्हा त्याच्या मुठीत एक चास होता. मी गव्हाणीवर बसलो होतो. मला आधी पाय दिसला, डावा, अर्ध्या बोटाचा.

मनकर्णानं डोक्यावर पदर घेतला, त्या मुठीपुढं हात जोडले, डोळे मिटून पुटपुटली. दसऱ्याला नीळकंठ दिसला होता ना! मग डोळे उघडून म्हणाली, "चांगलं दर्शन झालं बाई. आण कातर."

खेमानं बहिणीकडे हात केला. जिवनबाई कातर घेऊन उभी होती. पारू तिच्या कडेवर होती, आता गुबगुबीत झालेली. ती खेमाच्या मुठीकडे बघून हसत होती आणि मुठीतून डोकावणाऱ्या निळ्या पिसाला धरायला बघत होती.

"दे ना, बाई," खेमा म्हणाला.

"न्हाई देत."

"आं? काहून?"

जिवनबाईनं पारूला इतकं आवळलं की पारू कुरकुरली. मग तिनं एका दमात सांगून टाकलं. "गाईनं पिसं खाल्लीच न्हाईत. एकबी खाल्लं न्हाई. फुरफुरली आन् सगळी शेणात गेली."

"असं बोलू नको!" मनकर्णानं कानांवर हात ठेवले. "अगं, उलटंल ना! पोरीचं तरी ध्यान कर!"

"ध्यान हाये म्हणूनच इतके दिस गप बसले. ही बघ भिंत. मी लिंपली, ह्या हातानं. खेमा, काचा न्हाईत त्या."

खेमा भिंतीजवळ गेला, नखानं एक निळा कण उकरला आणि बोटावर घेऊन उजेडात धरला. मनकर्णाही पुढं झाली.

"मग दूध कसं आलं?" मनकर्णानं हळूच विचारलं.

"पोरीचं डोकं चाटलं तिनं. माझ्या हाताला मीठ होतं. वासरू समजली असंल, का दया आली असंल, मला काय ठावं? पण पिसांनी न्हाई आलं."

खेमानं मूठ सैल केली. त्यानं मुद्दाम सोडलं की त्याचं भान सुटलं, ते मला सांगता येणार नाही. जोडीदारीण त्याच्या हातातून सुटली, गोठ्याच्या दारातून बाहेर गेली आणि दोन्ही निळे रंग उघडून ओढ्याकडे उडाली. जाताना गंजलेल्या कडीसारखी ओरडली. मला त्या दिवशी तो आवाज फार गोड वाटला, लपवून काय ठेवू!

मनकर्णा तशीच साखऱ्याला परत गेली. दिवसभर जिवनबाईनं काही खाल्लं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पारूला घेऊन गोठ्यात आली, पण चरवी खाली ठेवायला तिचा हात धजेना. शेवटी बसली. कासेला हात लावला. काही नाही. पुन्हा ओढलं. काही नाही. चांदरीनं पाय झाडला. दारात खेमा उभा होता. जिवनबाईनं डोळे घट्ट मिटले आणि रोजच्यासारखं पारूचं डोकं चांदरीपुढं धरलं. चांदरीनं वास घेतला. मग जीभ काढली आणि पारूला कपाळापासून मागं चाटत नेलं. पारू खिदळली. चरवीत पहिली धार वाजली, मग दुसरी.

"आलं रे, खेमा," जिवनबाई म्हणाली, आणि दूध काढता काढता हुंदके देऊन रडली.

त्या दिवसापासून खेमानं फास मांडले नाहीत. जो कुणी ज्वारी-गूळ घेऊन यायचा त्याला तो भिंतीपुढं उभा करायचा. काहींना पटलं, काही त्याला वेडा म्हणून परत गेले. मनकर्णा पुष्कळ दिवस आली नाही. मग एकदा आली, भिंतीजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या सासूनंबी भिंत बघितली नसंल गं." तेवढ्यावर दोघींचं जुळलं.

माझे खुंट एकेक करून गळत होते. थंडी पडली तोवर नवी पिसं पुरती भरली होती, आणि एका सकाळी मी गव्हाणीवरून उडालो तो सरळ मोहावर जाऊन बसलो. जिवनबाई दारात येऊन बघत राहिली. निरोप वगैरे घ्यायची आमच्यात रीत नाही. पण मी त्या दिवशी उंच गेलो आणि मोसम नसताना एक कोलांटी मारली.

आता त्याला दोन वर्षं होत आली. मध्यंतरी निजामाचं राज्य गेलं म्हणतात. तांड्यात गूळ वाटला तो मी शेंड्यावरून पाहिला. चांदरी पुन्हा व्याली आहे, वासरू धडधाकट आहे. भिंतीवर नवा लेप बसला, तरी पावसानं धुपली की कुठंकुठं निळं उघडं पडतं. पारू आता पळते. पावसाळ्यात ती जिवनबाईचा पदर धरून माझ्या मोहाखाली येते, आणि त्या दिवसांत आमची जुनी पिसं गळतच असतात. ती वेचते, केसांत खोवते, एखादं चांदरीच्या नाकापुढं धरते. चांदरी अजूनही फुरफुरते. मग पारू पोट धरून हसते, आणि जिवनबाईला ती कातर आठवते की काय, ती तोंड फिरवून उभी राहते.

मित्रांनो, माझं एवढंच म्हणणं आहे. माझं निळं पीस तुम्हाला हवं असेल तर खुशाल घ्या. फास नको, कातर नको. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा आणि मग ह्या झाडाखाली या. मी ते टाकणारच आहे.